पिवळट हेडलाइट आणि माझे तीन प्रयत्न

गाडी धुताना एक गोष्ट कितीतरी वेळा डोळ्यांसमोर घडत होती आणि तरीही माझ्या लक्षात आली नव्हती. हेडलाइटवर पाण्याची धार पडली की काच एकदम लख्ख दिसे. आतला परावर्तक, बल्बचे टोक, सारे स्पष्ट होई. मग फडके फिरवून पाच मिनिटे झाली, पाणी वाळले, की तीच काच पुन्हा पिवळसर पांढरी, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखी दिसू लागे. मळ नीट निघाला नसेल अशी मी दर वेळी स्वतःची समजूत घालत असे. शाम्पू बदलला, फडके बदलले. पण ओल्या आणि वाळलेल्या काचेतला हा फरक मळाचा नव्हेच, हे उमजायला मला बरेच महिने लागले. पुढे सांगितलेले बहुतेक सगळे त्या एका निरीक्षणात आधीच होते, असे आता वाटते.

रात्रीची अवस्था तर अशी झाली होती की डिप्परवर असताना आपले दिवे लागले आहेत ना, याची खात्री करण्यासाठी पुढच्या गाडीच्या मागे पडणारा उजेड शोधावा लागे. मी पहिला संशय बल्बवर घेतला. एच४ प्रकारचे, ६०/५५ वॅटचे नवे बल्ब आणले, त्यांच्या नळीला बोट लागू नये म्हणून कागदात धरून बसवले (बोटाचे तेल नळीवर राहिले तर तेवढीच जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो) आणि त्याच रात्री एक फेरी मारली. फरक जवळपास काही नव्हता. १००/९० वॅटचे बल्ब लावून टाका, हा सल्लाही मिळाला. तो मी ऐकला नाही याचे आज समाधान वाटते, कारण मूळ वायरिंग आणि होल्डर एवढ्या भाराचे नसतात, परावर्तकाचा मुलामा करपतो, आणि मुख्य म्हणजे धूसर काचेमागे जास्त उजेड लावला तर तो रस्त्यावर कमी आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जास्त जातो. धूसर काच प्रकाश नुसता अडवत नाही, ती तो चहूकडे उधळते. डिप्परच्या झोताला वरच्या बाजूला जी रेखीव कड असते, ती समोरच्याला त्रास होऊ नये म्हणून मुद्दाम ठेवलेली असते. काच धूसर झाली की पहिल्यांदा ती कडच पुसली जाते.

आपण सवयीने ‘काच’ म्हणतो आणि या लेखातही मी तोच शब्द वापरणार आहे, पण आजच्या बहुतेक गाड्यांवर ती काच नसून पॉलिकार्बोनेट नावाचे प्लास्टिक असते. जर्मनीत बायर कंपनीचे हेर्मान श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचे डॅनियल फॉक्स या दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एकाच वर्षी, म्हणजे १९५३ मध्ये, हे प्लास्टिक तयार केले. गाडीच्या दिव्यांपर्यंत पोहोचायला त्याला आणखी तीन दशके लागली. अमेरिकेत १९४० च्या मॉडेलपासून काचेचे सीलबंद दिवेच बंधनकारक होते. बल्ब बदलता येणाऱ्या दिव्यांना तिथे १९८३ मध्ये मुभा मिळाली आणि १९८४ च्या मॉडेलची लिंकन मार्क सेव्हन तसे दिवे घेऊन आली. नव्या दिव्यांचे फायदे उघड होते. पॉलिकार्बोनेटची घनता १.२ च्या आसपास, म्हणजे काचेच्या निम्मी. उडालेला खडा बसला तरी ते फुटत नाही. आणि त्याला बॉनेटच्या वळणाबरोबर हवे तसे वळवता येते. आपल्या गाडीला काय आहे हे पाहायचे असेल तर दिव्याच्या कडेशी उठावात कोरलेली बारीक अक्षरे वाचावीत. युरोपीय नियमांनुसार बनलेल्या दिव्यावर ‘पीएल’ ही अक्षरे असतील, तर समोरची काच प्लास्टिकची आहे असे समजावे. खऱ्या काचेच्या दिव्यांना पुढे सांगितलेले काहीही करायचे नसते; ते पिवळे पडत नाहीत.

पॉलिकार्बोनेट मात्र पडते, आणि त्याचे कारण ऊन आहे. उन्हातील अतिनील किरणांनी त्याच्या लांबलचक रेणूंच्या साखळ्या तुटतात, हवेतल्या ऑक्सिजनशी त्यांची गाठ पडते, आणि जी नवी संयुगे तयार होतात ती प्रकाशातील निळा भाग शोषून घेतात. पांढऱ्यातून निळा वजा झाला की डोळ्यांना उरते ते पिवळे. शिवाय हे प्लास्टिक मार खाण्यात जितके चिवट, तितकेच ओरखड्यांच्या बाबतीत नाजूक असते. हे दोन्ही दोष कारखान्याला ठाऊक असतात, म्हणून त्यावर ॲक्रिलिक किंवा सिलिकॉन जातीचा एक कठीण, पारदर्शक लेप दिलेला असतो, ज्यात अतिनील किरण शोषणारी द्रव्येही असतात. या लेपाची जाडी काही मायक्रॉनांपासून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फार तर वीस-पंचवीस मायक्रॉनांपर्यंत, म्हणजे माणसाच्या केसाच्या निम्म्याहूनही कमी. एवढ्या पातळ कातड्यावर तो दिवा वर्षानुवर्षे ऊन, धूळ आणि वायपरच्या पाण्याचे शिंतोडे झेलत असतो. ते कातडे तडकले, जागोजागी सुटले, की खालचे प्लास्टिक उघडे पडते. माझ्या गाडीचा डावा दिवा उजव्यापेक्षा स्पष्टपणे जास्त पिवळा होता, आणि त्याचे कोडे मला फार दिवस पडले होते. उत्तर इतकेच की गाडी रोज एकाच जागी, एकाच दिशेला तोंड करून उभी राहते आणि दुपारनंतरचे ऊन डावीकडून येते.

आता ओल्या काचेचे. हवेचा अपवर्तनांक (पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो याचे माप) १, पाण्याचा १.३३ आणि पॉलिकार्बोनेटचा सुमारे १.५८. खरखरीत पृष्ठभागावर हवेतून थेट प्लास्टिकमध्ये जाताना किंवा बाहेर येताना प्रकाशाला मोठी उडी मारावी लागते आणि प्रत्येक ओरखड्याच्या उतारावर तो वेगळ्याच दिशेला वळतो. ओरखड्यांत पाणी भरले की उडी लहान होते, उतारही सपाट होतात, आणि प्रकाश बऱ्यापैकी सरळ जातो. म्हणून ओली काच लख्ख दिसते. याचा एक अगदी व्यावहारिक उपयोग आहे: काच ओली केल्यावर ती बऱ्यापैकी स्वच्छ दिसत असेल तर बिघाड बाहेरच्या पृष्ठभागावर आहे आणि घासून निघण्यासारखा आहे. ओली करूनही धूसर दिसत असेल तर तो खोल गेला आहे किंवा काचेच्या आतल्या बाजूला आहे, आणि मग मनगट दुखवून उपयोग नाही. ही चाचणी अर्ध्या मिनिटाची आहे, आणि कोणतेही सामान विकत घेण्यापूर्वी ती करावी.

माझा पहिला प्रयत्न टूथपेस्टचा होता. हा उपाय सर्वांनीच ऐकलेला असतो आणि तो पूर्ण खोटाही नाही, हीच त्याची अडचण आहे. टूथपेस्टमध्ये सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेटची बारीक पूड असते, म्हणजे ते एक सौम्य घासणद्रव्यच झाले. ओल्या फडक्यावर घेऊन दहा-पंधरा मिनिटे गोल गोल घासले की वरचा अगदी पातळ, पिठूळ थर निघतो, फडके पिवळे होते आणि काच खरोखरच बरी दिसू लागते. मला वाटले, काम झाले. तीन आठवड्यांत काच पुन्हा होती तशी झाली. कारण सरळ आहे: लेपाचे जे पापुद्रे सुटत आले होते ते तसेच राहिले होते, त्यांच्याखालचा पिवळेपणाही तसाच होता, मी फक्त वरची भुकटी पुसून काढली होती. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांच्या मिश्रणाची गंमत तर आणखी वेगळी आहे. ते फसफसते म्हणून काहीतरी जोरदार घडते आहे असे वाटते, पण त्या फसफसण्यात दोघेही एकमेकांना निष्प्रभ करतात. जे थोडेफार घासले जाते ते न विरघळलेल्या सोड्याच्या कणांनी.

डास पळवणाऱ्या फवाऱ्याचा उपाय मात्र घातक आहे आणि तो कोणी करू नये. त्यातील डीट हे द्रव्य पॉलिकार्बोनेटचा पृष्ठभाग मऊ करून विरघळवते. विरघळलेला थर पसरतो, ओरखडे बुजल्यासारखे दिसतात, आणि काही दिवसांनी तो भाग पूर्वीपेक्षा वाईट होतो. ओघळ रंगावर गेला तर रंगही जातो. ॲसिटोन, थिनर आणि अमोनिया असलेले काच पुसण्याचे द्रव यांनाही याच कारणाने दूर ठेवावे. तापवलेल्या कपातून रसायनाची वाफ सोडून काच चमकवणारे संच मिळतात, त्यांतही बहुधा क्लोरोफॉर्म किंवा डायक्लोरोमिथेन यांसारखी द्रावके असतात. परिणाम डोळे दिपवणारा असतो हे मान्य, पण ती वाफ घरातल्या कोणी हुंगावी अशी नाही.

दुसऱ्या प्रयत्नात मी रीतसर वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचे पॉलिश पेपर, आणले: ६००, १०००, १५००, २००० आणि ३००० नंबरचे. नंबर वाढत जातो तसा कण बारीक होतो. १००० नंबरच्या पेपरचा कण सुमारे १८ मायक्रॉनचा, तर २००० नंबरचा सुमारे १० मायक्रॉनचा असतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन, त्यामुळे पेपर कितीही बारीक घेतला तरी शेवटी पॉलिशला पर्याय नाही. पेपर अर्धा तास पाण्यात भिजत ठेवले, बादलीत भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकले, दिव्याभोवती मास्किंग टेप लावला आणि कामाला बसलो.

टेप मी एकच पदर लावला होता. बॉनेट आणि मडगार्ड जिथे दिव्याच्या कोपऱ्याशी मिळतात, तिथे हात वळवताना पेपरची कड सतत टेपवरून जात होती, आणि ओला टेप फाटल्याचे मला कळले ते खालचा रंग अंगठ्याच्या नखाएवढा निस्तेज झाल्यावर. पुढे रबिंग कंपाउंडने तो बराचसा सावरला, पण उन्हात तिरके पाहिले तर तो डाग अजून दिसतो; मला तरी दिसतोच. टेपचे किमान तीन पदर द्यावेत, आणि कोपऱ्यांवर आणखी एक.

सहाशे नंबरचा पेपर हे या कामातले खरे काम आहे, बाकीचे नंबर त्याने केलेली खरखर निस्तरण्यासाठी असतात. पेपर बोटांनी दाबून घासू नये, कारण बोटांच्या खाली खाचा पडतात. मऊ स्पंजचा तुकडा आत घेऊन त्यावर पेपर गुंडाळावा, म्हणजे काचेच्या वळणावर दाब सारखा राहतो. घासायला लागल्यावर पहिल्यांदा जे पाणी ओघळते ते मळकट पिवळे असते. मिनिटे जातात तसे ते फिकट होत जाते आणि शेवटी पातळ चुन्यासारखे पांढरे येऊ लागते. हा रंग बदलणे ही खूण आहे, पण तेवढ्यावर थांबू नये. पाणी पुसून काच वाळू दिली की उरलेल्या लेपाची कड दिसते, नकाशावरच्या किनाऱ्यासारखी वेडीवाकडी, एका बाजूला तकतकीत आणि दुसऱ्या बाजूला मंद. नख फिरवले तर ती नखाला लागतेसुद्धा. तो किनारा काचेवरून पूर्ण नाहीसा होईपर्यंत सहाशेचा पेपर सोडू नये. मी डाव्या दिव्यावर कंटाळून लवकर उठलो आणि पॉलिश झाल्यावर वरच्या कडेला तो किनारा पुन्हा जसाच्या तसा समोर आला, मग सगळे पहिल्यापासून करावे लागले. एका दिव्याला या एका नंबरावर अर्धा-पाऊण तास सहज जातो.

या टप्प्यावर दिवा बाथरूमच्या खिडकीच्या दुधी काचेसारखा दिसतो आणि पहिल्यांदा करणाऱ्याचा धीर सुटतो. माझाही सुटला होता. तेव्हा काचेवर पाणी टाकून पाहावे. ओली असताना ती लख्ख दिसली की जिवात जीव येतो. पुढच्या प्रत्येक नंबराला दिशा बदलावी: सहाशे आडवा, हजार उभा, दीड हजार पुन्हा आडवा. उभ्या रेघांत एखादी आडवी रेघ शिल्लक असेल तर ती मागच्या नंबराची आहे हे लगेच समजते, आणि ती गेल्याशिवाय पुढे जायचे नाही. नंबर बदलताना बादलीतले पाणीही बदलावे, कारण मागच्या पेपरचा एक कण पुढच्या पेपरखाली आला तर नवा ओरखडा पडतो. तीन हजारानंतर काच धुक्यातून पाहिल्यासारखी अर्धपारदर्शक होते आणि मग पॉलिशने उघडते. पॉलिश मी हाताने केले. ड्रिलला पॅड लावून काम झटपट होते, पण हे प्लास्टिक उष्णता वाहून नेत नाही, पॅड एका जागी थांबला तर तेवढाच भाग तापून मऊ पडतो आणि ओढल्यासारखा फासला जातो. ड्रिल वापरायचेच असेल तर वेग कमी ठेवावा, आणि मधूनमधून मनगटाची मागची बाजू काचेला लावून पाहावी.

त्या संध्याकाळी दिवे नवे दिसत होते. मी गाडी भिंतीसमोर उभी करून आधी आणि नंतरची छायाचित्रे काढली होती, आणि डिप्परची कड भिंतीवर परत आली होती. (अशी तुलना करायची असेल तर फोनच्या कॅमेऱ्याचा एक्स्पोजर लॉक करावा, नाहीतर अंधार असला की फोन स्वतःच छायाचित्र उजळतो आणि आपली फसवणूक होते.) मी काचेवर गाडीचे मेण चोळले आणि विषय संपला असे समजून चाललो.

पाच महिन्यांत काच पुन्हा धूसर झाली. मूळ लेपाला खराब व्हायला बरीच वर्षे लागली होती. माझे काम अर्धे वर्षही टिकले नाही. तेव्हा मला जे कळायला हवे होते ते कळले. मी पिवळेपणा काढला म्हणजे प्रत्यक्षात काय केले, तर जुन्या लेपाचा जो काही शेवटचा भाग पॉलिकार्बोनेटचे रक्षण करत होता तोही घासून टाकला, आणि ते उघडे प्लास्टिक उन्हात उभे केले. मेणाचा थर काही आठवड्यांत धुऊन जातो, आणि तो असतानाही अतिनील किरणांना फारसे अडवत नाही. घासणे ही या कामाची पूर्वतयारी होती, आणि मी पूर्वतयारीलाच काम समजलो होतो.

नवा लेप देण्याचे मार्ग तीन-चार आहेत. सर्वांत सोपा म्हणजे फडक्याने लावायचा तयार लेप, जो हेडलाइटच्या चांगल्या संचांत छोट्या पाकिटात येतो. तो वर्ष-दीड वर्ष काढतो असा माझा ओळखीच्या लोकांच्या गाड्यांवरचा अनुभव आहे. लाकडाला बाहेरच्या बाजूने लावायचे तेलावर आधारित जहाजी वार्निश टर्पेंटाइनमध्ये निम्मे पातळ करून लावण्याची घरगुती रीतही जुनी आहे. त्यात अतिनील शोषक असतात, पण वार्निशला स्वतःचीच किंचित पिवळी झाक असते. पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म चिकटवता येते, पण दुहेरी वळणाच्या काचेवर ती सुरकुती न पडता बसवणे हे हौशी माणसाचे काम नाही. आणि चौथा मार्ग म्हणजे गाडीच्या रंगावर मारतात तो हार्डनरसह (लेप घट्ट करणाऱ्या द्रव्यासह) येणारा पारदर्शक क्लिअर कोट. सिरॅमिक लेपाचे नावही बरेच घेतले जाते. तो इतका पातळ असतो की उन्हापासूनच्या संरक्षणासाठी त्याच्यावर एकट्याने विसंबावे असे मला वाटत नाही.

मी हार्डनरचा क्लिअर निवडला, आणि तो निवडताना ओल्या काचेचे गणित पुन्हा उपयोगी पडले. क्लिअरचा अपवर्तनांक साधारण १.५, म्हणजे पाण्यापेक्षा पॉलिकार्बोनेटच्या कितीतरी जवळचा. तो ओरखड्यांत पाण्यासारखाच शिरतो, फक्त वाळून उडून जात नाही. त्यामुळे क्लिअर मारायचा असेल तर तीन हजारापर्यंत जाऊन पॉलिश करण्याची गरजच नाही. उलट गुळगुळीत काचेवर तो नीट धरत नाही. मी या वेळी १००० नंबरावर थांबलो. काच दुधी होती, पण पाण्याने ओली केली की जशी दिसत होती, क्लिअर बसल्यावर ती तशी किंवा त्याहून बरी दिसणार हे आधीच पाहता येत होते. ओल्या काचेत एखादी रेघ दिसली तर ती क्लिअरखालीही दिसणार, म्हणून तेवढ्या जागा पुन्हा घासून घेतल्या. फडक्याने लावायच्या पातळ लेपांचे मात्र तसे नसते. त्यांच्यासाठी पाकिटावर सांगितलेल्या नंबरापर्यंत जावेच लागते, कारण ते खाच भरून काढत नाहीत.

या क्लिअरबद्दल एक गोष्ट ठासून सांगायला हवी. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांचा फवारा श्वासावाटे गेला तर दम्यासारखा विकार जडू शकतो, आणि एकदा शरीर त्यांना संवेदनशील झाले की पुढे अगदी थोडा संपर्कही त्रास देतो. धुळीचा साधा कापडी मास्क इथे काहीच कामाचा नाही; रासायनिक वाफेसाठीचे कार्ट्रिज असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क, चष्मा आणि हातमोजे लागतात, आणि काम उघड्यावर, आजूबाजूला कोणी नसताना करावे लागते. हे जमणार नसेल तर पाकिटातला फडक्याचा लेप घ्यावा. तो कमी टिकतो, पण वर्षातून एकदा पुन्हा लावायला अर्धा तास पुरतो, आणि बहुतेकांसाठी तोच शहाणपणाचा मार्ग आहे असे माझे मत आहे.

फवारण्यापूर्वी काच धुऊन, पूर्ण वाळवून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली आणि त्यानंतर तिला बोट लावले नाही. गाडीचा पुढचा अख्खा भाग कागदाने झाकला, कारण फवाऱ्याचे धुके वाटते त्याच्या कितीतरी पुढे जाते. क्लिअरच्या डब्यावर तो पॉलिकार्बोनेटला चालतो असे लिहिलेले आहे ना, हे पाहून घ्यावे. काहींतील द्रावक या प्लास्टिकला बारीक तडे पाडतात. डब्याच्या तळाची कळ दाबून हार्डनर आत सोडल्यावर दोन मिनिटे हलवले. त्यानंतर घाई असते, कारण आत रसायन जमू लागलेले असते आणि उरलेला डबा पुढच्या आठवड्यासाठी ठेवता येत नाही. पहिला हात इतका हलका मारला की काचेवर नुसते तुषार दिसावेत. दहा मिनिटांनी दुसरा, आणि त्यानंतर तिसरा जरा ओला. या तिसऱ्या हाताच्या वेळी जे दिसते ते पाहण्यासारखे असते: दुधी काचेवर डबा डावीकडून उजवीकडे जातो आणि त्याच्यामागोमाग आतला परावर्तक, बल्ब, सगळे उघडत जाते. उजव्या दिव्यावर मी मोहात पडून चौथा हात मारला आणि खालच्या कडेला एक ओघळ जमला. तो दोन दिवसांनी २००० नंबरच्या पेपरने उतरवून पॉलिश केला. आठवडाभर गाडी धुतली नाही.

हे सगळे करूनही न सुटणारे प्रश्न असतात. टॉर्च तिरपा धरून पाहिल्यावर काचेच्या पोटात कोळ्याच्या धाग्यांसारखे चमकणारे तडे दिसत असतील तर ते घासून जात नाहीत. आतल्या बाजूचे धुके, बल्बच्या उष्णतेने करपलेला भाग, रबरी सील गेल्यामुळे साचणारे पाणी, या सगळ्यांना दिवा उघडावा किंवा बदलावा लागतो. परावर्तकाचा मुलामा उडालेला असेल तर काच कितीही लख्ख करा, उजेड येणार नाही. अमेरिकेतील ‘एएए’ या मोटारचालकांच्या संघटनेने २०१८ मध्ये केलेल्या चाचण्यांत जुन्या पिवळ्या दिव्यांमधून नव्याच्या तुलनेत सुमारे २० टक्केच प्रकाश बाहेर पडत असल्याचे आढळले होते. घासून दुरुस्त केल्यावर तो सुमारे ७० टक्क्यांपर्यंत आला, पुरता मूळपदाला आला नाही. माझ्या भिंतीवरच्या छायाचित्रांशी हे जुळते. दिवा नवा झाला असे मी म्हणणार नाही, पण डिप्परवर रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी पुन्हा दिसू लागली, आणि मला हवे होते ते एवढेच.

क्लिअर मारून आता दोन वर्षे होत आली. गाडी मी तेव्हापासून उलट्या तोंडाने उभी करतो, म्हणजे दुपारचे ऊन मागच्या दिव्यांवर येते. परवा धुताना डाव्या दिव्याच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे टेप काचेवर दोन मिलिमीटर चढला होता आणि क्लिअर पोहोचलाच नव्हता, तिथे एक बारीक पांढरट रेघ दिसली. बोटाने पाणी लावले तर ती नाहीशी झाली, पाणी वाळल्यावर परत आली. म्हणजे अजून वरवरच आहे. १००० नंबरचा एक तुकडा उरलेला आहे, तो भिजत घातला आहे.